लंडनच्या थंडीत पोपट बघायचेत? मग असं करा

जानेवारीत लंडनची झाडं पार खराट्यासारखी झालेली असतात आणि त्यातून एकदम हिरवागार पोपट ओरडत जातो, पहिल्यांदा बघताना खरंच वाटत नाही. पण तो तोच, आपला कंठवाला, लांब शेपटीचा. पिंजऱ्यातून सुटलेल्या-सोडलेल्या पोपटांची ही पिल्लावळ, १९६९ला लंडनशेजारच्या केंटमध्ये त्यांनी पिल्लं काढल्याची नोंद आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने पोपटांची जोडी सोडली म्हणून हे झालं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, त्याला पुरावा नाही.

बघायला थंडीच बेस्ट, कारण पानं नसतात. केन्सिंग्टन गार्डन्स किंवा रिचमंड पार्कला जा, आणि आधी कान लावा. आवाज आला की लगेच आकाशात शोधू नका, जुन्या ओकच्या खोडावरच्या ढोल्या बघा. हे लोक घरटं विणत नाहीत, सुतारपक्ष्याची जुनी ढोली मिळाली तर तीच घेतात, आणि थंडी संपायच्या आतच जागा अडवून बसतात. ढोलीच्या कडेची साल ताजी कुरतडलेली दिसली की तिथेच थांबा, अजिबात हलू नका. थोड्या वेळाने आतून एक लालचुटुक चोच बाहेर येते, मग डोकं, मान तिरकी करून तुमच्याकडेच बघणार. गळ्यात काळा-गुलाबी कंठ असेल तर मोठा नर, नसेल तर मादी किंवा लहान पोर.

एवढ्या थंडीत टिकतात कसे? हिमालयाच्या पायथ्यापर्यंत राहणारी जात आहे, थोडी थंडी सोसतेच, वर लोकांच्या बागेतले दाण्यांचे फीडर आहेत. पण पार्कात हातावर सफरचंद घेऊन उभं राहू नका प्लीज. पार्कवालेही नको म्हणतात, आणि २०१४च्या लंडनमधल्याच अभ्यासात दिसलं की पोपट जवळ असला की तिथले छोटे टिट पक्षी फीडरवर कमी खातात, मला त्यांचं फार वाईट वाटतं. पाळलेला पोपट सोडणं तर तिथे कायद्यानेच बंद आहे.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मात्र घरी निघू नका. आठ-दहा, मग वीस-पंचवीस असे थवे एकाच दिशेला जायला लागतात, तिकडे चालत राहा, रात्रीच्या मुक्कामाचं झाड सापडतं, आणि अंधार पडेपर्यंत तिथे जो कलकलाट चालतो ना, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.