अँटिबायोटिक आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात नको

वयस्कर माणसांच्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या कप्प्यात कॅल्शियम, लोह, झिंक असं सगळं एकत्र असतं. त्यातच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन टाकलं, की घोटाळा होतो. ही खनिजं आतड्यातच औषधाला चिकटतात, औषध रक्तात पुरेसं उतरत नाही आणि संसर्ग हटत नाही. मग वाटतं, औषधच लागू पडलं नाही!

सिप्रोफ्लॉक्सासिन खनिजांच्या किमान 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यावं. म्हणजे ते सकाळी 8 आणि रात्री 8 ला असेल, तर कॅल्शियम दुपारी 12 च्या सुमारास, जेवणासोबत. लिव्होफ्लॉक्सासिनला दोन्ही बाजूंनी 2 तास पुरतात. ॲसिडिटीच्या पातळ औषधातही मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असतं. ते हमखास विसरलं जातं. मल्टिव्हिटॅमिनचंही तेच. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधासोबतही घेऊ नये.

अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही, त्यामुळे आधी गोळीचं नाव वाचा.

वेळा सांभाळणं जमत नसेल, तर कोर्सचे पाच-सात दिवस कॅल्शियम किंवा लोह थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा हाच सोपा मार्ग ठरतो. अँटिबायोटिक मात्र स्वतःहून बंद करू नका.