शुगरच्या जखमेवर पाला लावताय? आधी या चुका टाळा

"दुखतच नाही, तं दवाखान्यात कायले जाऊ?" माझे मामाजी, म्हणजे सासरे, हे म्हणाले तेव्हा त्यांच्या अंगठ्याखालच्या जखमेवर हळदीची जाड पिवळी खपली बसली होती. दोन आठवडे रोज सकाळी हळद आणि खोबरेल तेल लावायचं आणि वावरात जायचं, असं चाललं होतं. खपली वरून कोरडी, म्हणून आम्हा सगळ्यांना वाटलं जखम सुकली. मग एका रात्री खाटेजवळ वास आला. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून ती खपली हळूहळू भिजवली, चिमट्याने उचलली. खाली करंगळीचं टोक जाईल एवढं भोक होतं. पू होता आणि आत तुरीच्या धसकटाचा एक तुकडा होता. तो कधी रुतला, हे मामाजींना माहीतच नव्हतं.

पुढचे चार महिने ड्रेसिंग मी केलं. अंगठा वाचला. त्या चार महिन्यांत आमच्या आणि आजूबाजूच्या घरांत ज्या चुका मला दिसल्या, त्या इथे लिहिते आहे.

आधी एक सांगते, मी पाल्याच्या विरोधात नाही. लहानपणी विळा लागला की आई धुऱ्यावरची एकदांडी चुरगळून तिचा रस जखमेवर पिळायची, रक्त थांबायचं, चार दिवसांत खूणही राहायची नाही. पण ते दहा वर्षांच्या पोरीचं बोट होतं. त्यात रक्त नीट फिरत होतं आणि दुखलं की मी बोट उचलून धरत होते. वीस वर्षं शुगर असलेल्या तळव्यात या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा नसतात.

पहिली चूक: दुखत नाही म्हणजे जखम साधी

कितीतरी पाय या एका समजुतीने जातात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात आणि तळवा बधीर होतो. काटा, खडा, मे महिन्यात 45 अंशांत तापलेली माती, यांतलं काहीच कळत नाही. विदर्भाला बधीर पाय नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोग्यांच्या तळव्याला पडणारी न दुखणारी जखम आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिली आहे. शुगरची जखमही त्याच कारणाने होते: संवेदना गेली, तरी माणूस त्याच जागी भार देत चालत राहिला.

घरी तपासायची सोपी रीत आहे. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधीर होतो आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. मामाजींना सहापैकी एकच कळलं होतं.

बिबा आणि रुईचा चीक: हे तर नकोच

भेगा पडल्या की बिबा तापवून त्याचं तेल टाचेत भरायचं, काटा रुतला की रुईचा चीक सोडायचा, हे आपल्याकडे अजून चालतं. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. धडधाकट माणूस चटका बसताच पाय ओढून घेतो. बधीर पायाचा माणूस शांत बसून राहतो. आमच्या शेजारच्या मावशींनी संध्याकाळी टाचेला बिबा लावला आणि सकाळी घोंगडीवर पाणी दिसलं म्हणून पाय पाहिला, तर टाचेवरचा लिंबाएवढा फोड फुटला होता. आधी फक्त भेग होती, आता उघडी जखम झाली. रुईचा चीकही तसाच कातडी जाळणारा.

भेगांना खोबरेल किंवा जवसाचं तेल लावा, पण भेग खोल जाऊन जखम झाली नसेल तिथेच. बोटांच्या बेचक्यात मात्र तेल नको. तिथे ओल राहते आणि चिखल्या होतात.

लेप आणि भुकटी

पाटा-वरवंट्यावर वाटलेला कडुनिंब, डब्यातली हळद, अंगणातली कोरफड, चुना, राख, शेण. यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, बाजारच्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ सापडते, कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक कातडीला झोंबतो. आणि मामाजींच्या बाबतीत झालं ते सगळ्यात वाईट: भुकटीची खपली झाकणासारखी बसते, वर सुकं दिसतं आणि खाली पू आत-आत वाट काढतो. मधाचंही तसंच. रुग्णालयात वापरतात तो मध किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेला असतो. पोळ्यातून काढलेला किंवा दुकानातला मध तसा नसतो.

जखम धुवायला एक लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ टाका आणि पूर्ण थंड होऊ द्या. वर स्वच्छ गॉज ठेवा आणि सैल पट्टी बांधा. घरी एवढंच. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नवं येणारं लाल मांस त्यानेच मरतं.

"अहो, पण संशोधनात सिद्ध झालंय"

हळदीने, पाल्याने जखम भरते हे सिद्ध झालंय, असं माझ्या दिराने मोबाइलवर दाखवलं म्हणून मी याच्या मागे लागले. हळदीचं पेटंट आठवत असेल. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर यावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली रद्द करून घेतलं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तो झगडा हळदीचा हा उपयोग नवा की जुना, यावर होता. मधुमेही पायाची जखम हळदीने भरते का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

एकदांडी, कोरफड, कडुनिंब यांवरचे बरेच प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. औषध देऊन उंदराला मधुमेही करतात, पाठीवर जखम करतात आणि लेप लावतात. उंदराची कातडी सैल, जखम मुख्यतः आकसून बंद होते. माणसाच्या तळव्याला तसं आकसता येत नाही, तिथे खालून मांस भरत यावं लागतं. शिवाय त्या उंदराच्या रक्तवाहिन्या वीस वर्षं चोंदलेल्या नसतात आणि त्याच्या पाठीवर कुणी सोयाबीनची कापणी करत नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 2023 च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की नुसती जखम भरावी म्हणून वनस्पतींच्या औषधांचं ड्रेसिंग वापरू नका.

लेप रोज बदलला, चालणं बदललं नाही

तळव्याची जखम न भरण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे. दिवसभरात हजारो पावलं त्याच जागेवर पडत असतील तर कुठलंही औषध हरतं. मामाजींना बसवणं हे ड्रेसिंगपेक्षा अवघड गेलं. कापूस वेचणीचे दिवस, घरात बसलेला शेतकरी माणूस. पण प्लास्टर, खास बूट किंवा कुबड्या, डॉक्टर सांगतील त्या रीतीने भार उचलल्याशिवाय जखम हलत नाही. भरल्यानंतर एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल घ्या. कुष्ठरोग्यांना हीच देतात. घालण्याआधी ती रोज उलटी करून झटका, आत हात फिरवा.

लहान वाटणाऱ्या पण पाय घालवणाऱ्या आणखी काही गोष्टी: गरम पाण्यात पाय शेकणे, पायाचं कुरूप घरीच ब्लेडने कापणे, लेप सुरू केला म्हणून शुगरची गोळी सोडणे. आणि खर्रा. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, पायापर्यंत आधीच कमी येणारं रक्त आणखी कमी होतं. जखम भरेपर्यंत तरी खर्रा बंद, यावर आमच्या घरात भांडणं झाली आणि ती करायलाच हवी होती.

जखम भरते आहे की नाही, कसं ओळखायचं

दर रविवारी जखमेशेजारी दहाचं नाणं धरून तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. नाण्याच्या तुलनेत जखम किती उरली ते दिसतं. चार आठवड्यांत ती निम्मीही झाली नाही, तर आहे तेच उपचार चालू ठेवण्यात अर्थ नाही. पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, हाडापर्यंत संसर्ग गेला का ते एक्स-रेने पाहा.

भोवतालची लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, वास आला, काळपट पडलं, ताप आला, आत हाड दिसलं किंवा शुगर अचानक वाढली, तर त्याच दिवशी निघा. आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. जखम नसताना एक पाऊल गरम लागून सुजलं असेल तरीही तसंच. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का, हेही विचारा.

आणि तिथे गेल्यावर काय लावलं होतं ते लपवू नका. मामाजी आधी म्हणाले, "काहीच नाही लावलं जी." सिस्टरने त्यांच्या बोटांची पिवळी नखं पाहिली आणि शांतपणे विचारलं, "हळद किती दिवस झाले, बाबाजी?" मग त्यांनी हळद सांगितली, त्याआधी लावलेला चुना सांगितला आणि मधेच पाच दिवस बंद केलेली गोळीही सांगितली. ती गोळी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली.