वेगळं राहायला लागलात? घटस्फोटाआधीचे कागद असे सांभाळा

आमच्या घरात हे २०२१ ला झालं. माझी मावसबहीण, लग्न पुण्यात, संसारही पुण्यातच, आणि एक दिवस चार वर्षांच्या मुलीला घेऊन इंदूरला सुदामा नगरात माहेरी आली ती परत गेलीच नाही. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, कोर्टकचेरी नको म्हणाली, आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की आम्ही दोघं राजीखुशीने वेगळे राहतोय, एकमेकांवर काही हक्क नाही. नोटरीचा शिक्का लागला आणि सगळ्यांना वाटलं सुटलो एकदाचे.

तीन महिने पैसे आले, मग बंद. तिने भरण-पोषणाचा अर्ज लावला तर समोरच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. तेव्हाचं सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १४४ झालंय, त्यात सरळ लिहिलंय की नवरा-बायको आपसात राजी होऊन वेगळे राहत असतील तर बायकोला या कलमाखाली खर्च मिळत नाही. आमच्यापैकी कोणाला हे माहीतच नव्हतं! शेवटी वकील मॅडमनी हिंदू विवाह कायद्यात केस लावून कलम २४ ने अंतरिम खर्च, म्हणजे केस चालू असेपर्यंतचा खर्च, मागितला तेव्हा कुठे पैसे सुरू झाले, पण मधले चौदा महिने मावशीच्या पेन्शनवर निघाले. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, ज्याच्या घरात आत्ता असं चाललंय त्याने सही करायच्या आधी वाचावं.

तर पहिली गोष्ट, स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अशी रूढी नाहीच. डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, येईपर्यंत तुम्ही नवरा-बायकोच आहात. त्या कागदाच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि उद्या एकाचं काही बरंवाईट झालं तर मृत्युपत्र नसताना दुसरा वारस म्हणून उभा राहतो, मग पाच वर्षं तोंड बघितलेलं नसलं तरी.

आपसात लिहायचंच असेल तर लिहा, पण नीट लिहा. महिन्याला किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, मुलांची फी कोण भरणार, सुट्टीत मुलं कोणाकडे. मारहाण किंवा छळ होऊन घर सोडलं असेल तर "राजीखुशीने" हा शब्द कागदावर येऊच देऊ नका, मोठ्यांनी कितीही समजावलं तरी. खरं कारण लिहा नाहीतर सही करू नका.

आता तारीख. वेगळं राहायला कधी लागलात ती तारीख पुढे फार कामाला येते आणि लोक नेमकी तीच विसरतात. सहमतीने घटस्फोट घ्यायचा (हिंदू विवाह कायद्याचं कलम १३बी) तर अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर पुन्हा सहा महिने थांबा, मग कोर्टापुढे दोघांचं दुसरं बयान (जबाब), तेही अठरा महिन्यांच्या आत. हे सहा महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला अमरदीप सिंगच्या केसमध्ये सांगितलंय, पण त्यासाठी पहिल्या अर्जाच्या वेळीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत आणि खर्चाचं, मुलांचं सगळं मिटलेलं हवं. म्हणजे तारीख धड नसेल तर उगीच सहा महिने वाढतात. भाड्याचा करार, मुलाच्या शाळेचा दाखला, तारखेचा उल्लेख असलेला एक साधा व्हॉट्सॲप मेसेज, काहीही चालेल पण असू द्या. एकाच घरात राहून वेगळे असलात, म्हणजे खोल्या वेगळ्या आणि संसार संपलेला, तरी ते वेगळं राहणंच धरतात, सुप्रीम कोर्टाने १९९१ ला सुरेष्टा देवीच्या निकालात हे म्हटलंय. फक्त सिद्ध करायला जड जातं. आणि हो, डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे सगळा पैसा पहिल्या अर्जालाच देऊन मोकळं होऊ नका, हप्ते बयानाशी बांधा.

घर सोडलं की हक्क गेला असं आमच्याकडे सगळे सांगत होते. तसं नाही. विनाकारण आणि समोरच्याच्या मर्जीविरुद्ध सोडून जाऊन सलग दोन वर्षं झाली तर समोरचा परित्यागाच्या आधारावर घटस्फोट मागू शकतो, म्हणून का निघालात ते लेखी असावं. एक ईमेल पुरे. समोरून "नांदायला ये" अशी हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ ची नोटीस आली तर घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका, पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, हजर राहा, कारण एकतर्फी डिक्री झाली आणि वर्षभर एकत्र आला नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो.

बायकांनो, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२० ला सांगितलंय. पण राहायचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये आपोआप अर्धा हिस्सा मिळतो असा कायदा आपल्याकडे नाही. स्त्रीधन, म्हणजे लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने आणि भेटी, मात्र पूर्ण तुमचं. दागिन्यांची यादी करा, लग्नातले फोटो, सराफ्याच्या पावत्या, लॉकर कोणाच्या नावाने, सगळं एका फाईलमध्ये. मार लागत असेल तर यादीबिदी नंतर, आधी ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावा आणि बाहेर पडा.

बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही. जॉइंट होमलोनवर दोघांच्या सह्या असतील तर हप्ता चुकला की सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) दोघांचा खराब होतो. जॉइंट खात्यातून कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकत असेल तर बँकेत जाऊन ते दोघांच्या सहीवर करून घ्या. दोघांनाही सांगते, या काळात घाईघाईने भावाच्या नावावर प्लॉट करू नका. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर खर्चाच्या केसमध्ये दोघांना कमाई आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, लपवलेलं उघडं पडलं की कोर्टाचा विश्वास जातो. त्याच निकालात आहे की खर्च अर्ज लावला त्या दिवसापासून मिळतो, म्हणून थांबून राहण्यात नुकसान तुमचंच. आणि कलम २४ चा खर्च कमाई नसलेला नवराही मागू शकतो.

मुलांचं म्हणाल तर पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, पण कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं. शाळेतून परस्पर उचलून नेणं, फोनवर बोलू न देणं, हे दोन्हीकडून होतं आणि दोन्हीकडून वाईटच. आमच्या भाचीने सहा महिने बाबांचा आवाज ऐकला नव्हता, आणि त्यात आमच्या घराचीही चूक होती.

केस कुठे लावायची? लग्न झालं तिथे, शेवटचे एकत्र राहिलात तिथे, समोरचा राहतो तिथे, आणि बायको अर्जदार असेल तर ती आत्ता राहते तिथेही. म्हणून बहिणीची केस इंदूरच्या कुटुंब न्यायालयात लागली, पुण्याच्या चकरा वाचल्या. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, बायकांना कमाई न बघता मोफत वकील मिळतो, नालसाचा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा) नंबर १५१००.

एक शेवटचं, इथलं कोर्टाचं काम हिंदीत चालतं आणि शब्द फसवतात. वकील म्हणाले "राजीनामा हो जाएगा" तर पुण्याच्या मंडळींना वाटलं जावयाला नोकरी सोडायला लावताहेत! इथे राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड. त्या राजीनाम्याचा प्रत्येक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, कळला नाही तर मराठीत समजावून मागा, वकील घाईत असले तरी, आणि सहीच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.