फ्रॅक्टल फ्लेमची फाइल उघडताना या चुका टाळा

कुणीतरी मेलवर एक फाइल पाठवतं. नावाच्या शेवटी डॉट फ्लेम. सोबत एक छोटं चित्र, निळ्या धुराची वलयं एकमेकांत गुंतल्यासारखं, आणि निरोप: 'मोठ्या आकारात हवं असेल तर यातून काढून घ्या.' आपण डबल क्लिक करतो आणि विंडोज विचारतं, ही फाइल कशात उघडू?

पहिली चूक इथेच होते. आपण फोटो बघायचा प्रोग्रॅम निवडतो, तो नकार देतो, मग फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लावून बघतो. नाव बदलल्यानं आतला मजकूर बदलत नाही. फ्लेम फाइल चित्र नसतेच. ती चित्राची कृती असते. करंजी पाठवली नाहीये, करंजीचं साहित्य आणि प्रमाण लिहून पाठवलंय. तळायची आपल्याला आहे. फाइलचा आकार पाहिला तरी हे कळतं. मोठ्या चित्राला काही एमबी लागतात, एका चित्राची फ्लेम फाइल बहुतेक वेळा चार-पाच केबीत संपते.

फ्रॅक्टल फ्लेम ही सूत्रांवरून चित्र काढायची पद्धत स्कॉट ड्रेव्ह्‌स यांनी १९९२ साली काढली. एक बिंदू घ्यायचा, ठरलेल्या सूत्रांपैकी एखादं सूत्र लावून त्याला दुसरीकडे उडी मारायला लावायची, आणि हे लाखो-कोटी वेळा करायचं. बिंदू जिथे जास्त वेळा पडतो ती जागा उजळते. फाइलमध्ये असतात ती फक्त सूत्रं, त्यांचे आकडे आणि रंगांची यादी.

त्यामुळे अनोळखी फाइल आली की आधी ती नोटपॅडमध्ये उघडा. कुठल्याही कन्व्हर्टर वेबसाइटवर चढवू नका. सगळे प्रकार उघडून देतो म्हणणाऱ्या अशा साइट्स फ्लेमच्या बाबतीत काही कामाच्या नाहीत, आणि दुसऱ्याची कलाकृती अनोळखी सर्व्हरवर टाकणं तसंही बरोबर नाही.

नोटपॅडमध्ये कोनी कंसांतला मजकूर दिसेल, कारण हे एक्सएमएल आहे, म्हणजे अशा कंसांच्या खुणा घालून लिहिलेला साधा मजकूर. सुरुवातीलाच 'फ्लेम' किंवा 'फ्लेम्स' हा शब्द दिसला पाहिजे. त्याऐवजी 'एचटीएमएल' दिसलं, तर तुम्ही फाइल नाही, फाइल ज्या वेबपानावर होती ते पान उतरवलंय. परत जाऊन डाउनलोडचं खरं बटण शोधा. वाचता न येणारी अक्षरं दिसली तर ती बहुधा झिप असते, नाहीतर वेगळ्याच प्रोग्रॅमची फाइल. ऑटोडेस्कचं फ्लेम नावाचं सॉफ्टवेअर सिनेमाच्या इफेक्ट्ससाठी वापरतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, म्हणून डॉट फ्लेमच्या मागे गुपचूप डॉट टीएक्सटी लागलेलं नाही ना, हेही बघून घ्या.

मजकूर ठीक दिसला की पहिल्या काही ओळींत 'व्हर्जन' शोधा. फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये बनली ते तिथे लिहिलेलं असतं: अपोफिसिस, जेवाइल्डफायर असं काहीतरी. शक्यतो त्याच प्रोग्रॅममध्ये उघडा. अपोफिसिस विंडोजवर चालतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर जेवाइल्डफायर घ्या, ते जावावर चालतं.

उघडली म्हणजे झालं, असं समजू नका

सगळ्यात मोठी चूक ही, आणि तिच्यापायी मी एक चांगली फाइल कायमची गमावली आहे. एका छोट्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी ओळखीतल्या एका कलाकारानं फ्लेम पाठवली होती. ती उघडली, चित्र दिसलं. सोबत आलेल्या नमुन्यापेक्षा जरा वेगळं वाटलं, मध्ये जाळीसारखं होतं ते दिसेना. मला वाटलं प्रिव्ह्यू कच्चा असेल. रंग थोडे गडद केले आणि त्याच नावानं सेव्ह केलं. मूळ मेल तोपर्यंत डिलीट झाली होती, आणि त्याच्याकडचीही प्रत हार्ड डिस्कबरोबर गेली होती. ती जाळी पुन्हा कधी दिसली नाही.

झालं असं होतं. फ्लेममधल्या सूत्रांना व्हेरिएशन म्हणतात. लिनिअर, स्फेरिकल, स्वर्ल ही त्यातली जुनी, सगळीकडे सापडणारी. पण लोकांनी शेकडो नवी व्हेरिएशन लिहिली आहेत, आणि अपोफिसिसमध्ये ती प्लगइन म्हणून, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचे जादा तुकडे म्हणून, वेगळी टाकावी लागतात. प्लगइन नसेल तर प्रोग्रॅम तो भाग सोडून देतो आणि उरलेलं चित्र काढतो. कधी इशारा येतो, आपण ओके दाबतो. पुढे सेव्ह केलं की प्रोग्रॅमला जे समजलं तेवढंच लिहिलं जातं. जे समजलं नाही ते फाइलमधूनही जातं.

म्हणून आधी मूळ फाइलची प्रत करून प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली' करून टाका. मग नोटपॅडमध्ये 'एक्सफॉर्म' असा शब्द असलेल्या ओळी वाचा. प्रत्येक ओळीत आधी 'वेट', म्हणजे त्या सूत्राची पाळी किती वेळा यायची, मग 'कलर', नंतर व्हेरिएशनची नावं आणि प्रत्येकापुढे आकडा, शेवटाकडे 'कोएफ्स' मध्ये सहा आकडे. समजा 'ज्युलियन' पुढे ०.७ आहे आणि लगेच 'ज्युलियन पॉवर' पुढे ३ आहे, तर दुसरं हे वेगळं व्हेरिएशन नाही, पहिल्याचीच सेटिंग आहे. सगळी नावं कागदावर उतरवा आणि प्रोग्रॅमच्या यादीत ती आहेत का पाहा. जे नाही ते प्लगइन शोधायचं.

प्लगइन टाकूनही यादीत येत नसेल, तर जवळजवळ नेहमी ३२ बिट आणि ६४ बिटचा घोळ असतो. ६४ बिट अपोफिसिसला ३२ बिटची डीएलएल (म्हणजे प्लगइनची) फाइल चालत नाही, उलटही चालत नाही. प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायलाही विसरू नका.

फाइल उघडतच नसेल

मजकूर बरोबर दिसतोय पण प्रोग्रॅम घेत नाही, तेव्हा कुठेतरी कॉपी-पेस्ट आडवं आलेलं असतं. वर्डमधून फिरून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात, आणि एक्सएमएलला वळणदार चालत नाहीत. नोटपॅडमध्ये 'रिप्लेस' करून ती सरळ करा. चित्राच्या नावात 'अँड'चं चिन्ह असेल तरी फाइल अडते; नाव बदला.

रंगांची यादीही तपासा. एका फ्लेमला २५६ रंग, प्रत्येकाला सहा अक्षरं, म्हणजे १५३६ अक्षरं. अपोफिसिस ती ३२ ओळींत लिहितं, प्रत्येक ओळीत आठ रंग. शेवटची ओळ अर्धी दिसली तर फाइल वाटेत कापली गेली आहे. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा, आणि मजकूर चिकटवण्याऐवजी झिप करून पाठवायला सांगा.

एका फाइलमध्ये अनेक फ्लेम असू शकतात, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. भलतंच चित्र दिसलं तर बाजूच्या यादीतली बाकीची नावं आधी बघा.

मोठं चित्र काढताना

फाइलमध्ये 'साइझ' ६४० बाय ४८० आणि 'स्केल' १६० आहे असं धरू. तुम्हाला ३८४० बाय २८८० हवंय. नोटपॅडमध्ये फक्त साइझ बदलली तर मोठ्या काळ्या कागदाच्या मध्यभागी छोटंसं चित्र उमटेल, कारण स्केल म्हणजे एका एककाला किती पिक्सेल. साइझ सहापट झाली तर स्केलही सहापट, ९६० करायचं. 'झूम'ला हात लावू नका. तो एकानं वाढवला की चित्र दुप्पट होतं, तीननं वाढवला की आठपट.

चित्र वाळू फेकल्यासारखं दाणेदार आलं, तर 'क्वालिटी' कमी आहे. हा आकडा म्हणजे दर पिक्सेलमागे किती बिंदू टाकायचे. दाणे निम्मे करायला क्वालिटी चौपट लागते आणि वेळही चौपट लागतो. म्हणून आधी ५० वर छोटं चित्र काढून नमुन्याशेजारी ठेवून नीट बघा, खात्री पटल्यावरच छपाईसाठी १००० किंवा वर जा आणि मशीन रात्रभर चालू ठेवा. मध्येच मेमरी पुरत नाही असं आलं तर 'ओव्हरसँपल' पाहा. तो २ असेल तर १ पेक्षा चौपट मेमरी खातो. बऱ्याच वेळा तो १ केला आणि क्वालिटी वाढवली तर डोळ्याला फरकही जाणवत नाही.

छापायच्या आधी कलाकाराला तयार चित्र पाठवून 'हेच ना?' असं विचारा. जाळी आहे की नाही, हे सगळ्यात आधी त्यालाच दिसेल.