ताट-वाटी-पाइप वाजवताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पिशवीभर सामान घेऊन माझ्या दारात उभं असतं. झारा, तसराळं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, सायकलची रिम. ‘दादा, यांची वाद्यं करायचीत, पुढच्या शनिवारी प्रयोग आहे.’ पुढच्या शनिवारी! सतार शिकायला बसलेला माणूस आठवड्याभरात तिकिटं छापत नाही. झारा मात्र स्वस्त, म्हणून त्याचा रियाजही स्वस्तात उरकेल असं सगळ्यांना वाटतं. त्यांना जे दर वेळी तोंडी सांगतो, ते एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक: पाइप तारेच्या हिशेबानं कापणं. ही मी स्वतः केली आहे, तीही पैसे मोजून. एका प्रायोगिक नाटकासाठी ॲल्युमिनियमच्या पाइपांचं सप्तक टांगायचं ठरलं. भवानी पेठेतून पाइप आणले. पहिला 60 सेंटिमीटरचा, तो आमचा सा. शाळेत शिकलेलं डोक्यात पक्कं होतं: तार निम्मी केली की वरचा सा, दोन-तृतीयांश केली की प. मग काय, करवत घेतली आणि प 40 ला, म 45 ला, ग 48 ला, वरचा सा 30 ला असे धडाधड पाडले. टांगले, वाजवले. पंचमाच्या जागी तार सप्तकातला रे बोलत होता. मध्यमाच्या जागी कोमल नी. गांधार तर प आणि कोमल ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता, आणि ‘वरचा सा’ दोन सप्तकं वर जाऊन किणकिणत होता. दिग्दर्शक म्हणाला, ‘वेगळंच वाटतंय, राहू दे.’ मला रात्रभर झोप नाही.

कारण सरळ आहे. ताणलेली तार किंवा बासरीतली हवा निम्मी केली की स्वराची कंपनसंख्या दुप्पट होते. ठोकून वाजणारा पाइप मात्र स्वतः वाकून थरथरतो, आणि तो निम्मा केला की कंपनसंख्या चौपट होते. म्हणून सा च्या लांबीला भागायचं ते कंपनसंख्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळानं. 60 च्या सा ला प येतो 49 वर, म येतो 52 वर, वरचा सा 42.4 वर. माझी सवय सांगतो: हिशेबापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवून कापायचं आणि मग कानसीनं घासत स्वर चढवत न्यायचा. कापलेला पाइप जोडता येत नाही. घासून घासून तो तापतो आणि तापलेला पाइप किंचित उतरून बोलतो, म्हणून चहा करून या, मग जुळवा. ज्यांना चहापुरताही धीर नाही त्यांनी अ‍ॅपवर तयार आवाज घ्यावेत, आम्ही आडवे येणार नाही.

टांगतानाही टोकाला भोक पाडू नका. अशा पाइपाच्या दोन जागा वाजताना जवळजवळ स्थिर असतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर. 60 सेंटिमीटरला साडेतेरा. दोरी तिथेच बांधा. दुसरीकडे कुठेही बांधली की घंटेचा ‘ठक्’ होतो, आणि लोक दोष पाइपाला देतात.

पीव्हीसीच्या नळ्या चपलेनं वाजवणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब, कारण तिथे हवा बोलते. चप्पल तोंडावर आपटून लगेच उचलायची. तिथेच चिकटून राहिली तर नळी एका बाजूनं बंद होते आणि स्वर एक सप्तक खाली कोसळतो.

बाटलीत पाणी वाढवलं की फुंकल्यावर स्वर चढतो, तीच बाटली ठोकल्यावर उतरतो. दोन्ही एकाच तुकड्यात वापरणार असाल तर हे आधी बघा, रंगमंचावर नको. जलतरंगाचे वाडगे मांडून दोन तास भाषणं ऐकत बसू नका, पंख्याखाली पाणी उडतं आणि स्वर हलतो.

जुनी ट्यूबलाइट वाद्य नाही. तिच्यात पारा असतो.

गाजराची बासरी आदल्या दिवशी करून ठेवू नका. व्हिएन्नाचा भाज्यांचा वाद्यवृंद 1998 पासून आहे. ती मंडळी प्रयोगाच्या दिवशी ताजी भाजी आणून वाद्यं कोरतात आणि शेवटी प्रेक्षकांना सूप पाजतात. आमच्याकडच्या एकानं गाजरं रात्री कोरून फ्रिजमध्ये ठेवली होती. सकाळी बासरीची कोशिंबीर झाली.

आता माइक. बझरमधली पितळी पिएझो चकती, म्हणजे थरथरीची वीज करणारी, दहा-वीस रुपयांत मिळते, थाळीला चिकटवली की थाळीच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. म्हणजे यायला हवं. एका सभागृहात माझ्या काशाच्या थाळीतून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. ध्वनिव्यवस्थेवाल्यानं चकती थेट साउंड मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली होती आणि मी, शहाणा, बघत उभा होतो. खर्ज येईना म्हणून त्यानं आवाज चढवला, मग शिट्टी सुरू झाली, मग पहिल्या रांगेतल्या आजी उठून गेल्या. अशा चकतीची धारकता साधारण 20 नॅनोफॅरड धरा, इनपुटचा रोध 10 किलोओम. एवढ्यावर सुमारे 800 हर्ट्झच्या खालचं गळायला लागतं, आणि थाळीचा जीव तर तिथेच असतो. तीच चकती गिटारच्या 1 मेगाओमच्या इनपुटला लावा, गळती 8 हर्ट्झच्या आसपास जाते. मी आता माझी प्रीअँपची डबी (चकतीला असाच मोठ्या रोधाचा इनपुट देणारी) खिशातच ठेवतो आणि सभागृहातल्या कुणाच्याही ‘होऊन जाईल हो’वर विश्वास ठेवत नाही. डाग देताना सोल्डरिंगचं टोक पांढऱ्या भागावर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, तो थर सुटतो.

चकती चिकटवायला दुहेरी टेप वापरू नका, तिचा फोम वरचे स्वर गिळतो. मी मधमाश्यांचं मेण वापरतो. ही अक्कल माझी नाही. नाशिक-डांगच्या पट्ट्यात कोकणा समाजात थाळगान चालतं: काशाच्या थाळीवर मेणानं एक काडी उभी रोवायची आणि तिच्यावरून चिमटीनं बोटं ओढत राहायची. थाळी घुमत राहते आणि त्या घुमाऱ्यावर कथा सांगितली जाते. पॅरिसच्या बाशे बंधूंनी 1952 मध्ये काचेच्या कांड्यांवर ओली बोटं फिरवून वाजणारं ‘क्रिस्टल’ केलं, त्याचं तत्त्व हेच. आपल्याकडची प्रयोगशील पोरं क्रिस्टलचे व्हिडिओ बघतात आणि सुरगाण्याची एसटी पकडत नाहीत.

आणि आता ती पिशवी. चाळीस वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रत्येकीला एकदा टिचकी मारायची आणि याला ‘जॉन केजसारखं’ म्हणायचं. या अमेरिकन संगीतकारानं 1960 मध्ये तिथल्या टीव्हीवर ‘वॉटर वॉक’ सादर केलं तेव्हा त्याच्याकडे बाथटब होता, बर्फ होता, रबरी बदक होतं, गुलाबांची फुलदाणी होती, अगदी स्वयंपाकघरातला मिक्सरही होता. हातात मात्र स्टॉपवॉच होतं आणि तीन मिनिटांत काय केव्हा वाजायचं ते लिहिलेलं होतं. पाच रेडिओ लावायचे होते, पण प्लग कोणत्या कामगार संघटनेच्या माणसानं लावायचा यावरून वाद पेटला. मग रेडिओ सुरू करायच्या जागी त्यानं त्यांना थापटलं आणि बंद करायच्या जागी टेबलावरून खाली ढकललं. लोक हसले, तो वेळ चुकला नाही. आधी एक ताट घ्या. काठ, मध, पाठ, बोट, नख, झारा, ओला हात. सहा महिने. त्यानंतर वाटी.

शेवटची चूक जोड, म्हणजे जादाचा नग, न ठेवण्याची. स्वतःची वाद्यं घडवणारा अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च, त्यानं बर्कलीच्या रेडिएशन प्रयोगशाळेतले पायरेक्सचे मोठे बुधले कापून त्यांचे वाडगे टांगले होते. तसला एक फुटला की त्याच स्वराचा दुसरा बाजारात मागून मिळत नाही. आपल्याला वाटतं, आपलं तर घरातलंच ताट, त्याला काय होतंय. माझ्या सगळ्यात चांगल्या थाळीला काठाजवळ एक पोचा होता, आणि तिचा तो विचित्र, किंचित हिंदकळणारा कोमल गांधार त्या पोच्यामुळेच होता. दिवाळीआधी आईनं कौतुकानं ती तांबट आळीत नेली आणि पोचा काढून, लख्ख करून आणली. ‘बघ कशी नव्यासारखी दिसतेय!’ खरंच दिसत होती. हल्ली सणावारी तिच्यात श्रीखंड-पुरी वाढतात.