वडोदऱ्यात राहून लाकडी ट्रॉलर बाळगताना

वडोदऱ्यातील माणसाने लाकडी ट्रॉलर (जाळे ओढणारी मासेमारी बोट) घेताना हे आधीच मान्य करावे की बोट किनाऱ्यावर राहणार आणि आपण शहरातल्या मांडवी दरवाजाच्या गजबजाटात. म्हणून विश्वासू राखणदार प्रथम शोधावा. खरेदीपूर्वी बोट पाण्याबाहेर काढायला लावून, ताज्या रंगावर न भाळता, डेकखालच्या आणि पाण्याच्या रेषेलगतच्या फळ्या टोच्याने तपासाव्यात; टोचा सहज रुतला, तर लाकूड कुजलेले आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणीच लाकूड अधिक कुजवते, हे नवख्याला उलटे वाटते खरे. परंतु त्यामुळेच डेकची किरकोळ गळतीही आधी बंद करावी लागते. सांध्यांतील सुटलेला कापूस नव्याने ठासून वर पुट्टी भरावी आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवांसाठी तळाला खास विषारी रंग द्यावा. बराच काळ सुकी राहिलेली बोट पाण्यात उतरवल्यावर फळ्या फुगेपर्यंत झिरपतेच, तेव्हा पंप हाताशी ठेवावा.

खंबायतच्या आखातात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक १० मीटरपर्यंत जातो. म्हणून पहिली सफर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असण्याच्या दिवसांत आखावी आणि डिझेलचा एक तृतीयांश साठा राखीव ठेवावा.