एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर नैराश्यामुळे सेमिस्टर मधेच थांबवणं: माझा अनुभव

अडचण: अमेरिकेत एमएस करताना नैराश्यामुळे सेमिस्टर थांबवायचं होतं. पोर्टलवर कोर्स ड्रॉप करायला गेलं की होल्ड, म्हणजे पुढे जाताच येईना. डीन ऑफिस आंतरराष्ट्रीय ऑफिसकडे पाठवायचं, ते परत डीन ऑफिसकडे.

कॅम्पसवरच्या समुपदेशकाचं पत्र दिलं, ते नाकारलं गेलं. एफ-१ च्या नियमांना एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथी) डॉक्टरचं, नाहीतर परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं. हे सुरुवातीलाच कुणी सांगू नये, याची चीड अजून आहे.

मग जे चाललं ते याच क्रमाने. कोर्सना हात लावला नाही. सायकियाट्रिस्टकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: कोणतं सेमिस्टर, आणि 'वैद्यकीय कारणाने एकही कोर्स नको' अशी स्पष्ट शिफारस. 'भार कमी करावा' एवढं मोघम लिहून घेऊ नका. पत्र डीएसओला (एफ-१ विद्यार्थ्यांचं काम बघणारा विद्यापीठाचा अधिकारी) दिलं. त्यांनी सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी प्रणाली) कमी कोर्सलोड मंजूर करून नवा आय-२० (एफ-१ साठीचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र) दिला. तो हातात आल्यावरच कोर्स सोडण्याचा, म्हणजे विथड्रॉवलचा फॉर्म भरला. आधी ड्रॉप, मग परवानगी असं केलं तर एफ-१ स्टेटस धोक्यात येतं.

ही सवलत एका पदवीस्तरावर एकूण १२ महिने मिळते, पण दर सेमिस्टरला नव्याने मागावी लागते. घरी भारतात येऊन उपचार घ्यायचे असतील तर मात्र डीएसओकडे 'अधिकृत माघार' मागायची; मग १५ दिवसांत देश सोडावा लागतो. आरोग्य विमा चालू राहतो का, हे सहीच्या आधी लेखी विचारा.